सिस्टरांच्या शाळेची पाहणी

रेगेन्सबर्ग,
२४ एप्रिल २०१४

प्रिय विभा,

फोन असताना पत्राचं खूळ कशाला, असं पुटपुटतच तू पाकीट फोडशील. इथला फोन बैठकीच्या खोलीत असतो आणि मयुरेश तो स्पीकरवर टाकतो. शिवाय माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तू तीन बोलून मोकळी होतेस. कागदावर तरी मला कोणी मध्ये तोडणार नाही. तेव्हा गुडघ्याला तेल लाव, खुर्चीत बस आणि सगळं वाच.

नातीला भेटायला गेलेत, असं तू शेजारीपाजारी सांगत असशील. खरं तर तू मला शाळेत खोट काढायला धाडलंस. अपूर्वा सप्टेंबरात पाचवीत जाणार. सुनेत्राला तिला कॉन्व्हेंटच्या सिस्टर चालवतात त्या मुलींच्या शाळेत घालायचं आहे. दिवाळीत तू फोनवर साफ नाही म्हणालीस आणि तेव्हापासून तुम्हा सासू-सुनेचं बोलणं बंद. आपले चिरंजीव मयुरेश कारखान्यात साठ माणसं सांभाळतात, पण आईच्या होकाराशिवाय अर्जावर सही करायला तयार नाहीत. अर्ज बारा मेला द्यायचा आहे. निघताना मीही तुझ्याच बाजूचा होतो. बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला तीनशे वर्षांच्या इमारतीत चार दोष सहज सापडतील, अशी फुशारकी तुझ्यापुढे मीच मारली होती.

शाळा बघायला पालकांना बोलावलं होतं, त्या शनिवारी आम्ही गेलो. फाटक इतकं ठेंगणं की मी वाकून आत शिरलो आणि मनात पहिला दोष लिहिला. आत फरसबंद चौक, चारी बाजूंनी कमानींची ओवरी, आणि भिंती अशा जाड की खिडकीच्या कट्ट्यावर दोन मुली मांडी घालून डबा खात बसल्या होत्या. जिना दगडी, पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या. दुसरा दोष. शाळेची देखभाल करणारे ब्रुनर मागून येत होते, त्यांना मी अपूर्वाकरवी पायऱ्यांबद्दल विचारलं. आपल्या नातीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, त्यामुळे ती दुभाषी म्हणून निम्मीच उपयोगी. तरी तिच्या खाणाखुणांवरून कळलं ते असं: पूर्वी एकदा पायऱ्या झिजल्या तेव्हा त्या काढून उलट्या बसवल्या, आणि आता दुसरी बाजूही मुलींनी झिजवली. विभा, मी तिथेच खाली बसलो आणि त्या दगडावरून हात फिरवला.

वरच्या मजल्यावर भिंतीला उभी भेग दिसली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जवळ जाऊन बघतो तर भेगेवर प्लॅस्टरचा आडवा पट्टा आणि त्यात तारीख कोरलेली, १९८७. आम्ही भेगेवर काचेची पट्टी बसवायचो तशीच ही युक्ती. भिंत हलली तर पट्टा तडकतो. सत्तावीस वर्षांत तडकला नव्हता. मी बोटाने टकटक केलं, ब्रुनर म्हणाले ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, आणि एकमेकांची भाषा न येणारे आम्ही दोन म्हातारे हसलो. सुनेत्रा लांबून बघत होती. माझ्या चेहऱ्यावरून शाळेचा निकाल वाचायचा प्रयत्न करत असावी बिचारी.

त्यानंतर मी तीनदा जाऊन आलो, हे तुला फोनवर सांगितलं नाही. शाळेमागे सिस्टरांची भाजीची बाग आहे, दक्षिणेच्या भिंतीवर नासपतीची झाडं तारांना बांधून सपाट वाढवली आहेत. पलीकडे त्यांची दफनभूमी. सगळे क्रूस एका मापाचे, प्राचार्य असो की स्वयंपाकीण. आता सहाच सिस्टर उरल्यात आणि शिकवायला बाहेरच्या बायका येतात. बाग बघतात त्या सिस्टर हिल्टरूड, वय त्र्याऐंशी. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात सुतळी देऊन मला फांद्या बांधायला लावलं. मग मोडक्या इंग्रजीत विचारलं, आजी का नाही आल्या? बरोबर आलेल्या अपूर्वाने सरळ सांगून टाकलं, आजीला ही शाळा नको आहे. मला तोंड कुठे लपवू असं झालं. सिस्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माझ्या वडिलांनाही ही शाळा नको होती, पण त्यांनी निदान मला काय हवं ते विचारलं होतं.

मला तुझी आठवण आली. नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये तू दहाव्या वर्षी चार दिवस गेली होतीस, हे मला आपल्या लग्नाच्या वर्षीच राजाभाऊंनी सांगितलं होतं. तुझा भाऊ, त्याच्या पोटात काय राहतंय! पाचव्या दिवशी तुझ्या वडिलांनी भर वर्गातून तुझं दप्तर उचललं आणि म्हणाले, ‘परक्यांच्या छपराखाली आमची पोर शिकणार नाही.’ तू हे मला कधी सांगितलं नाहीस, म्हणून मीही काढलं नाही. दिवाळीत फोनवर तू सुनेत्राला हेच वाक्य ऐकवलंस, शब्दन् शब्द. मी शेजारी बसलो होतो. सुनेत्राला रागावलेली सासू ऐकू आली असेल. मला तू दहा वर्षांची दिसलीस, आणि मी पेपर वाचत बसलो. त्याची मला लाज वाटते.

आता या पत्राचं खरं कारण. गेल्या रविवारी जेवताना मयुरेशने अर्जाचा विषय काढला. सुनेत्रा म्हणाली, राहू दे, आईंना वाईट वाटेल, आणि अर्ज आवरून ठेवायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काल तुम्ही बाहेर असताना विभाचा फोन आला होता. ती हो म्हणाली.’ तिने विचारलं, ‘आई स्वतः म्हणाल्या?’ मी मान डोलावली. ती आत गेली, नळ सोडला, आणि बऱ्याच वेळाने डोळे पुसत बाहेर आली. शाळेचं एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, ‘बाबा, सहा महिने झाले त्या माझ्याशी बोलून. आत्ता फोन करू?’ माझी पाचावर धारण बसली. तू साताऱ्याला राजाभाऊंकडे गेली आहेस, तिथला फोन बंद आहे आणि तू दहा मेला परतशील, अशी थाप मारली. तेव्हा तोवर इकडे फोन करू नकोस. अकरा तारखेला, रविवारी, ती तुला आभार मानायला फोन करणार आहे. गेले चार दिवस मला जेवण गोड लागत नाही. तुझ्या वडिलांनी तुला न विचारता नाही म्हटलं आणि मी तुला न विचारता हो म्हटलं, यात फरक तो काय राहिला? तू नाही म्हणालीस तर सगळ्यांसमोर माझं खोटं मी कबूल करीन, तुझ्यावर काही येऊ देणार नाही. पण फोन उचल. आणि त्याआधी स्पीडपोस्टाने दोन ओळी धाडून मला सांग, विभा, तुला स्वतःला काय वाटतं?

पुरता तुझ्या हाती सापडलेला, तरी तुझाच,
श्यामकांत