फांदीला मिळालेली स्थगिती

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची परवानगी नसल्याने तो मनातल्या मनात घातला आहे, आशीर्वाद मात्र पूर्ण लांबीचा दे.) तुझी शुगर कशी आहे? ऑपरेशननंतर वहिनीला नीट दिसतं ना? दिसत असेल तर हे पत्र तिलाच वाचून दाखवू दे, तू मधल्या ओळी गाळतोस. न्यायाधीश होतास तेव्हाही गाळायचास, असं हे म्हणतात. आमच्याकडे सगळं छान आहे. म्हणजे मागच्या बुधवारपर्यंत होतं.

तुला ठाऊकच आहे, वकिली सोडल्यापासून हे खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी मनातल्या मनात भांडत असत. मग इथल्या साप्ताहिकाने त्यांना सदर दिलं: कोर्टाचे ताजे निकाल साध्या माणसाला समजावून सांगायचे. दादा, माणूस पालटला रे! आमच्या लग्नाच्या सुमारास वाजवायचे ती शिट्टी पुन्हा वाजवू लागले. वाचकांची पत्रं काही येत नव्हती (एक आलं, ते पंखेदुरुस्तीची जाहिरात निघालं), पण मी होतेच. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, समोरचा बोलत असताना हात मांडीवर आणि चेहरा उत्सुक. त्या शिक्षणावरच माझा सगळा संसार झाला.

तर कोर्टाचा एक निकाल आला, की शेजारच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत आली तर ती न विचारता कापता येते. यांनी त्यावर इतकं सुरेख लिहिलं की मलाही काहीतरी कापावंसं वाटलं. हे लिहितात रविवारी, छापून येतं बुधवारी. मधल्या मंगळवारी वरच्या कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, पण तोवर अंकाचे गठ्ठे बांधून झाले होते. आणि आमच्या डावीकडचे शेजारी, ते नळदुरुस्तीवाले, ज्यांनी जन्मात कधी ते साप्ताहिक उघडलं नव्हतं, त्यांनी नेमकं त्या बुधवारी उघडलं. दहाच्या आत त्यांच्या पलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या झाडाची फांदी खाली!

अकरा वाजता डॉक्टरीणबाई ती फांदी ओढत आमच्या दारात. ती दारातून आत येईना, त्याही मागे हटेनात, त्यामुळे सगळा युक्तिवाद पानांतून झाला. "काका, स्थगिती म्हणजे होतं तसं ठेवायचं ना? मग लावा परत!" मागून नळवाले ओरडले, "मी कायद्याने कापली! छापून आलंय!" हे काहीतरी पूर्वलक्षी परिणामाबद्दल सांगू लागले, तर बाई म्हणाल्या, "मराठीत सांगा." यांना सांगता येईना. तेवढंच मनाला लागलं त्यांच्या. सांगता यावं म्हणून तर सदर होतं.

त्याच दुपारी यांनी संपादकांना फोन करून सदर बंद केलं. संपादक भला माणूस, म्हणाला, पुढच्या शनिवारपर्यंत विचार करा, नाहीतर त्या जागेत शब्दकोडं टाकतो. तेव्हापासून घरात फार शांतता आहे. चहात साखर पुरे का विचारलं तरी "मी मत देत नाही" म्हणतात. मला तुझा तो विहिरीच्या भांडणाचा निकाल आठवला. वरच्या कोर्टाने फिरवला तेव्हा आई रडली होती, आणि तू "त्यांनाही काम हवं ना गं" म्हणून पुन्हा वाढून घेतलंस. यांचं आयुष्य वकिलीत गेलं, पण असं जेवायला ते शिकले नाहीत.

बाकी डॉक्टरीणबाईंचा राग ओसरला आहे. दवाखान्यात आता ऊन येतं, रुग्णांचे दात स्वच्छ दिसतात, असं काल स्वतःच म्हणाल्या.

सर्वांना आशीर्वाद, तुला पुन्हा नमस्कार.

तुझी
चिमी

ता. क. : खरं काम राहिलंच. येत्या शनिवारच्या आत साप्ताहिकाला एक पत्र लिही. सांत्वनाचं नको, ते लगेच ओळखतील. सणसणीत लिही, की सदरलेखकाला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. खाली 'निवृत्त न्यायाधीश' अशी ठसठशीत सही कर. मेव्हण्याला उत्तर दिल्याशिवाय हे राहूच शकणार नाहीत.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होते, तर आतून हाक आली, "ऐकतेस का? त्या स्थगितीच्या आदेशातच घोळ आहे!" तेव्हापासून तासभर ऐकते आहे. तरी तू लिहीच, दादा. माझ्या एकटीच्या कानांना हा खटला झेपणार नाही.