माणसं चार, विमा तिघांचा?

प्रिय बाबा,

रविवारी फोनवर मी तुला एवढी मोठी बातमी दिली आणि तू 'बरं बरं, जपून जा' म्हणून फोन ठेवलास. मी कुठेही जात नाहीये. तू आजोबा होणार आहेस! हवं तर चष्मा पुसून पुन्हा वाच.

इकडे बाळ यायच्या आधीच त्याचा विमा घरभर रांगायला लागलाय. तुझा जावई शीतगृहात, मी चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात. दोन्हीकडे कंपनीचा आरोग्य विमा आहे आणि सगळ्यांनी कोणाच्या विम्यात शिरायचं ते महिनाअखेरपर्यंत ठरवायचंय. जावयाचा स्वभाव तुला ठाऊक आहे, साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारा माणूस! जेवणाच्या टेबलावर दोन्ही माहितीपत्रकं पसरून बसला. त्याच्याकडे हप्ता कमी, पण दवाखान्याच्या बिलाची सुरुवात आपल्या खिशातून. माझ्याकडे बाळंतपणाचा सगळा खर्च मिळतो, पण पगारातून जवळजवळ दुप्पट कापतात. शिवाय माझ्या कंपनीच्या लेखी नवरा म्हणजे 'अवलंबित व्यक्ती'. हे वाचून स्वारी दोन दिवस फुगून बसली होती. मी मात्र चहाला हाक मारताना हल्ली तेच नाव वापरते.

तुझं दुकान कसं चाललंय? मागच्या खेपेला आले तेव्हा बघत होते. पूर्वी दुरुस्त झालेलं घड्याळ कानाला लावलंस की तुझा चेहरा खुलायचा. आता त्यावर बोट टेकवून टिकटिक चाचपतोस. फार वाईट वाटलं बाबा. कानाच्या डॉक्टरांनी छोटंसं ऑपरेशन सांगून वर्ष होत आलं, आणि तुझं आपलं एकच पालुपद, आता ऐकण्यासारखं राहिलंय काय! खर्चाचं नाव काढत नाहीस, पण मी तुझीच मुलगी आहे, मला कळतं.

तर ऐक. जावयाच्या कंपनीत कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं, संपलं. माझ्याकडे आईवडीलही बसतात, जुन्या दुखण्यांसकट. सासूसासऱ्यांची सोय थोरल्या दिरांकडे आहेच, पण दुप्पट हप्त्याचा विषय काढायला माझी जीभ रेटत नव्हती. काल हाच पठ्ठ्या कांदा चिरता चिरता म्हणाला, बाबांना धरून घरात माणसं चार, मग विमा तिघांचा कसा? मी कांद्याच्या नावावर मनसोक्त रडून घेतलं. म्हणून हे पत्र. तुझ्या वयाच्या दाखल्याची प्रत लगेच पाठव. बाळ यायच्या आत तुझं ऑपरेशन उरकायचं. त्याचं पहिलं रडणं तू स्वतःच्या कानांनी ऐकायचंस, मला ते हवंय. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर फोनवर म्हण. या खेपेला मला ऐकू येणार नाही.

तुझीच,
तुझ्याइतकीच हट्टी लेक