मच्छरदाणीला काठ

८ मे, गुरुवार
खालच्या सलूनमधली नाकातो वर आली. हातात सीलबंद पाकीट. युगांडात तिच्या बहिणीला दवाखान्यातून मिळालेली मच्छरदाणी, औषध लावलेली. पण आखूड. बहिणीकडे सगळे चटईवर निजतात, जाळी चटईखाली खोचता येत नाही. पहिलं मूल मलेरियाने गेलं. आता दुसरं, तान्हं.
तिथे शिंपी नाहीत? विचारलंच. आहेत की! पण नाकातोने मी शिवलेल्या, साडीचे काठ लावलेल्या पडद्यांचा फोटो पाठवला होता, बहिणीला तसाच काठ हवाय. म्हणून येणाऱ्या कुणाबरोबर थेट इथे दोहाला माझ्याकडे पार्सल. मी अर्थातच कौतुकाने फुगले.

९ मे, शुक्रवार
जुनी नारायणपेठ काढली. काठ रुंद, जाळी खाली ओढून धरेल. कोरं कापड न धुता मशीनखाली घ्यायचं नाही, ही आईची शिस्त. शिवाय जाळीला कसलासा वास. दोन्ही पावडरमध्ये भिजवून खसाखसा धुतलं. नळाचं पाणी कढतच. गच्चीवर कडक ऊन, तासाभरात खडखडीत.

१० मे, शनिवार
नाकातो बघायला आली. "सिस्टर, धुतली? उन्हात?"
नवी जाळी नुसती सावलीत पसरून ठेवायची असते. पाकिटावर चित्रं होती म्हणे. पाकीट मी न बघताच फेकलं. औषध गेलं का सगळं? तिलाही माहीत नाही. कळणार कसं?

१५ मे, गुरुवार
जाळीची परीक्षा घ्यायला डास हवेत, म्हणून बाल्कनीत टोपात पाणी उघडं ठेवलं होतं, आता वर फडकं. अळ्या वळवळतायत! उलट्या लटकून श्वास घेतात. तासन् तास बघत बसावंसं वाटतं.
संदीप ऑफिसातून आला. "लोक डास मारतात, माझी बायको पाळते." हसू दे. नवऱ्यांना काय!
काठ शिवून झाला. छान पडलाय.

२१ मे, बुधवार
एक डास बरणीत, बरणीच्या तोंडावर नाकातोची जाळी. सकाळी जाळीवर बसला, मजेत पाय घासत. दुपारी बघते तर तळाशी उताणा. जाळीने मेला की बाल्कनीतल्या उकाड्याने? दुसरा डास बरणीत घालतानाच उडून गेला. परीक्षा खलास. टोपातलं पाणी ओतून टाकलं, बिल्डिंगला ताप नको.

२२ मे, गुरुवार
नाकातो उद्या रजेवर युगांडाला चालली, जाळी घेऊन. मी म्हटलं, राहू दे, नवी बघू. "नवी मागेनच दवाखान्यात. तोवर हीच. खोचली की डास आत येत नाही ना?" तिनेच मला समजावलं. लाज वाटली, बरंही वाटलं.

२८ मे, बुधवार
फोटो आला! माझा काठ चटईखाली नीट खोचलेला. आत बाळ, मूठ तोंडात.
जाळीवर एक काळा ठिपका. झूम केलं. डासच. बाहेरच्या बाजूने, एवढं नक्की. बसलाय की मेलाय?
नाकातोला विचारलंय. मेसेज वाचलाय तिने.