काकवीच्या रंगाचा ड्रम

रविवार, १२ फेब्रुवारी १९९५

सापडला! आणि कुठे, तर भिगवणला साखरबाईंच्या खानावळीत. गाण्याच्या संचातल्या तेजश्रीबाईंबरोबर चिलापी मासे खायला गेले होते. कोपऱ्यात एक गोल टाकी, तिच्यात जिवंत मरळ सोडलेली, गिऱ्हाइकांनी बघून निवडावी म्हणून. घास तोंडातच राहिला. ही टाकी नव्हेच! कडेला चकचकीत कान, त्यांत लांब बोल्ट, आणि अंग आरपार दिसणारं, काकवीच्या रंगाचं. अ‍ॅक्रिलिकचा मोठा ड्रम! खालून पत्रा ठोकलेला, त्यावर आणि कडेच्या लांब चिरेवर डांबर फासलेलं.

साखरबाई म्हणाल्या, “माझ्या दिराचा हाय. ममईला हाटेलात वाजवायचा. त्यो गेला, ही डबडी मागं ऱ्हायली. बाकीची माळ्यावर हायती.” मी म्हटलं, मला द्या. त्या म्हणाल्या, “मग मासं कशात ठिवू? काचंची टाकी आण आन् घिऊन जा सगळं.”

टाकी म्हणजे काय, माझ्या कॉलेजच्या लॅबच्या काचवाल्याला आठवडाभरात करायला सांगते.

रविवार, १९ फेब्रुवारी

आणला. माशांच्याच टेम्पोतून. चार ड्रम, दोन झांजा, गंजलेले स्टँड, पेडल. सगळी लासुर्ण्याची वस्ती वास घेत बघायला आली. आईने पदर नाकाला लावला तो अजून काढलेला नाही.

आबा ओट्यावरून उठून आले. एकदाच बघितलं.

“काय हाय ह्ये?”

“ड्रमसेट.”

“कशाला?”

“दुरुस्त करून वाजवणार. चौदा एप्रिलला, इंदापूरच्या जयंतीला.”

“ह्या घरात वाजवायचं न्हाय. छप्पन सालीच सोडलंय आमी.”

संपलं. परत ओट्यावर.

पोरगी त्यांचीच मी, मला हे माहीत नव्हतं असं नाही. आबा गावकीत डफ वाजवायचे. लग्न असो, जत्रा असो, बोलावणं आलं की जायचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि दारातच जाळ करून डफ त्यात टाकला. मग पाटबंधाऱ्यात नोकरी, पेन्शन, सगळं झालं, पण घरात कुणी ताटावर बोटं वाजवली तरी एक थप्पड ठरलेली. पुण्यात शिकताना दोन वर्षं मी गॅदरिंगला ड्रम वाजवले, ते म्हणूनच घरी कधी सांगितलं नाही.

आता तेजश्रीबाईंनी बायकांचा भीमगीतांचा संच काढलाय. पेटी आहे, ढोलकी आहे, ड्रमला कुणी नाही. मी वाजवणारच. आणि आबा समोर पहिल्या रांगेत बसलेले हवेत मला. एवढंच मागणं. एवढंच फार आहे, ठाऊक आहे.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

साबण, सोडा, लिंबू, चिंच. वास अजून माशाचाच.

शनिवार, २५ फेब्रुवारी

गाढव! मी! नऊ वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये काचेची भांडी अ‍ॅसिटोनने पुसते. हात आपोआप तिकडेच गेला. छोट्या ड्रमवर बोळा फिरवला. वास गेला, छान! दोन मिनिटांनी बघते तर सगळं अंग दुधाळ, आणि आत बारीक चिरांचं जाळं. काच नव्हे ती, अ‍ॅक्रिलिक आहे! पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं हे. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आबांनी ओट्यावरून पाहिलं. मान फिरवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, २७ फेब्रुवारी

बारामतीत स्टँडमागे महिपती नावाचा माणूस गाड्यांच्या नंबरप्लेटी आणि अ‍ॅक्रिलिकची अक्षरं करतो. छोटा ड्रम पिशवीत घालून नेला. त्याने उजेडात धरला आणि पोट धरून हसला.

“ताई, शास्त्राच्या खात्यात हाय न्हवं तुमी?”

हसू दे. शिकवलं तर सगळं. मोठ्या ड्रमला जी लांब चीर आहे तिच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग सुईने क्लोरोफॉर्म सोडायचा; दोन्ही कडा विरघळून एक होतात. हे दार उघडं ठेवून करायचं, नाहीतर आपणच आडवे! वरचे ओरखडे पाण्याच्या पॉलिशपेपरने, मग पॉलिशचं मलम, मग जुनं सुती धोतर.

“आन् ह्यो बारका?” म्हणाला, “ह्येचं काय व्हनार न्हाय. पर वाजंल. वाजायला चकाकी लागत न्हाय.”

रविवार, १२ मार्च

दोन आठवडे रोज कॉलेजातून आले की घासायचं. बोटांची कातडी गेली. डांबर निघालं, चीर जुळली, बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून सुटले. वासही गेला. आई म्हणते गेला नाही. गेलाय!

आज मोठा ड्रम अंगणात उन्हात ठेवला. जमिनीवर नारिंगी उजेड पडला, कोंबडी त्यात जाऊन बसली. आबा बराच वेळ कोंबडीकडे बघत होते. कोंबडीकडेच, असं त्यांचं म्हणणं.

रविवार, १९ मार्च

पुण्याहून ड्रमच्या तोंडावर ताणायच्या प्लॅस्टिकच्या नव्या पुड्या आल्या. चढवल्या. आता वाजवायचं नाही, नुसतं लावून घ्यायचं, असं आईला सांगितलं. एकेक बोल्ट आवळायचा, कडेला बोटाने टिचकी मारायची. तासभर झाला, सूर काही जुळेना. एक बोल्ट आवळावा तर दुसरीकडचा कुरकुरतो. मी वैतागून पाना फेकला.

ओट्यावरून आवाज आला, “पल्याडचा ढिला हाय. दाराकडला.”

आवळला. जुळला!

मी बाहेर धावले. आबा वर्तमानपत्रात तोंड घालून. कान लाल झालेले. मला हसू आवरेना. अडतीस वर्षं झाली, तरी भिंतीपलीकडून नेमका बोल्ट सांगतात!

रविवार, २६ मार्च

आज भांडण झालं. मीच काढलं. म्हटलं, एवढा कान आहे तर एकदा समोर येऊन ऐका ना. डफ जाळलात ते बरोबरच केलंत. पण हा डफ नाही. यात चामडंसुद्धा नाही, सगळं प्लॅस्टिक.

आबा चिडले. “चामड्याचं कोन बोलतंय? चामड्यानं काय केलंय आमचं?” मग खाली बघून बोलले. लिहूनच ठेवते जसंच्या तसं.

“वाजव म्हनलं की वाजवायचं. थांब म्हनलं की थांबायचं. माझी आय गेली त्या दिशी गावात वरात हुती. सांगावा आला, आय गेली. मी म्हनलं, जातू. त्ये म्हनलं, वरात दाराला लागंस्तवर वाजव. वाजवलं. त्या हातानं मग आयला माती दिली.”

आई चुलीपाशी रडत होती. तिलाही हे ठाऊक नसावं.

आणि मग मी बोललेच, कारण मला गप्प बसता येत नाही. म्हटलं, “आबा, मला कुणी वाजव म्हटलेलं नाही. माझ्या मनात आलंय म्हणून मी वाजवतेय.”

ते उठून कालव्याकडे निघून गेले. मी चुकीचं बोलले नाही. पण त्यांचं ताट झाकून जागीच बसलेय.

रविवार, २ एप्रिल

ड्रमवर गोधडी टाकून सराव. धप धप. त्यांचा शब्दही राहिला, माझाही.

रविवार, ९ एप्रिल

जीप दारात. राजवर्धन, पलीकडच्या बागाइतदारांचा मुलगा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. तो आत आला आणि ओट्यावर बसलेले आबा उठून उभे राहिले. अडुसष्टाव्या वर्षी! माझ्या अंगाची आग झाली.

तसा पोरगा वाईट नाही. गोड बोलला. “कचरूआबा, तेरा तारखंला आमच्या दादांचा वाढदिवस हाय. मिरवणूक हाय मोठी. पोरीला वाजवायला पाठवा की. ट्रॉलीवर ड्रम ठिवू, जेवण बी तितंच.”

आबा जमिनीकडे बघत उभे. त्यांच्या तोंडून आता “व्हय जी” येईल की काय याची मला भीती वाटली. मीच पुढे झाले.

“मिरवणुकीत मी वाजवत नाही. चौदाला इंदापूरला आहे आमचा कार्यक्रम. ऐकायला या. खुर्ची ठेवते.”

“तसं न्हाय ताई, मानानं बोलावतूय मी.”

“मीपण मानानंच बोलावतेय.”

मग हसला, “येतू की,” म्हणाला आणि गेला.

आबा हळूच खाली बसले. जेवताना म्हणाले, “न्हाय म्हनलीस.”

“हो.”

“आन् त्यो गेला?”

“गेला की.”

“नुसता गेला!” भाकरी हातातच. दोनदा म्हणाले, “नुसता गेला!”

गुरुवार, १३ एप्रिल

आबांना म्हटलं, उद्या टेम्पोत पुढे बसा, जागा ठेवलीय. “बघू” म्हणाले. आईने त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावलाय.

शुक्रवार, १४ एप्रिल

छान झालं. खरंच छान झालं. मागे बल्ब लावला होता, सगळा सेट पेटल्यासारखा दिसत होता. आई टाळ्या पिटत होती. राजवर्धन आला, बसला, टाळ्या वाजवल्या, सगळ्या चुकीच्या ठेक्यावर.

आईशेजारची आबांची खुर्ची रिकामी. सदरा खुंटीलाच होता. येताना टेम्पोत मागे ड्रमच्या आडून रडले. पण आरपार दिसणाऱ्या ड्रमच्या आड कसलं रडता येतंय! आईने बघितलंच. सेट आतल्या खोलीत उतरवला. आबा झोपलेले, निदान तसं दाखवत होते.

काही नाही. वाजवणं सोडणार नाही.

शनिवार, १५ एप्रिल

सकाळी चहा गाळत होते. आतल्या खोलीतून आवाज. गोधडीचा नव्हे, उघडा, कडक.

दारात जाऊन बघते तर आबा! अंगात पांढरा सदरा. छोटा ड्रम, मी बिघडवलेला तो दुधाळ, स्टँडवरून काढून डाव्या हाताने छातीशी धरलेला. उजव्या हातात माझी एक काठी. डोळे मिटलेले. हात काहीही विसरलेला नाही!

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “अगं बया! ह्यांना कुनी वाजवाय सांगितलं?”

कुणीच नाही.