कोऱ्या कागदाचे गुण

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे तो मनोमन घातला आहे, गोड मानून घे.

मी बरा आहे. तू बजावल्याप्रमाणे कानटोपी घालतो, त्यामुळे विद्यार्थी मला आजोबा समजतात. तुझा खोकला कसा आहे? खरं लिही.

आमच्या विषयात मुलं दर आठवड्याला वृद्धाश्रमात सेवा करतात आणि तिथे काय शिकलो ते शेवटी लिहून देतात. गुण त्या लिखाणालाच. वर्गातली एक मुलगी, तिला सगळे अबोली म्हणतात, वर्षभर एका म्हाताऱ्या शिंप्याजवळ बसली. तो कुणाशी बोलत नसे, हिच्याशी मात्र बोलला. गेल्या आठवड्यात तो वारला. अबोलीने कोरा कागद आणून दिला.

"अगं, नापास होशील! वर्ष जाईल."

"जाऊ दे, सर. त्यांनी पोटातलं सांगितलं ते मला. कॉलेजला नाही."

"निदान शिकलीस काय, तेवढं तरी लिही."

"ऐकून घ्यायला शिकले. ते लिहू कसं?"

मौनाने सर्व साधतं, असं शाळेत आमचे शास्त्रीबुवा घोकून घेत. गुण साधतात की नाही, ते विचारायचं राहूनच गेलं. मी तिला उत्तीर्ण केलं.

प्राचार्यांनी सोमवारी जाब द्यायला बोलावलं आहे. काळजी नको, माणूस भला आहे. फक्त माझी नेमणूक दरवर्षी त्यांच्याच सहीने वाढते. म्हाताऱ्याने काय सांगितलं, असं ते विचारतील. मला ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं, एवढंच म्हणणार आहे.

तुझ्याकडची मधली खोली मात्र झाडून ठेव.

तुझा, सोमवार वगळता आज्ञाधारक,
धाकटा