खालच्या अंगाचा रस्ता

७ जून २०२०, रविवार
आजपासून डायरी. यशस्वी उद्योजक रोज लिहितात, असं एका व्हिडिओत ऐकलं. मी उद्योजक आहेच, यशस्वी व्हायचं तेवढं बाकी आहे. ‘धबधबा व्ह्यू फार्म स्टे’, मुरबाड-माळशेज रोड. दोन पत्र्याच्या खोल्या आणि एक तंबू. तंबूची चेन अडकते, पण पाहुण्यांना त्यात मजा वाटते.
लोक माझ्या मॅनेजमेंटसाठी येतात. देवकी म्हणते, तिच्या भाकरीसाठी येतात. बायकोशी वाद घालायचा नाही, हा संकल्प नंबर एक.
कोरोनामुळे वेशीवर मार्चपासून बांबू आडवा. दक्षता समितीचा अध्यक्ष माझाच मोठा भाऊ, बारकूदादा. आई-बाप लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. म्हणून अजून मला दहावीतला पोरगा समजतो. मी त्रेचाळीसचा आहे.

१० जून
कलेक्टरची ऑर्डर ग्रुपवर आली. धबधब्यांवर पर्यटकांना बंदी. आमचा सगळा सीझन तीन महिन्यांचा, आणि त्यातच बंदी! दादाला म्हटलं, तू अध्यक्ष आहेस, काहीतरी कर की. तो म्हणाला, करतोय ना, बांबूला दुसरा बांबू बांधतोय.
असल्या माणसाशी काय बोलायचं?

१४ जून, रविवार
बांबूवर आज माझ्या घराची पाळी. अकरा बाईक परत पाठवल्या, स्वतःच्या हाताने. एक पोरगी म्हणाली, अंकल, निदान भाकरी तरी मिळेल का? पण कर्तव्य ते कर्तव्य.
संकल्प नंबर दोन : नियम मोडायचा नाही.

१६ जून
नियम असा आहे की वेशीवरून कोणी आत यायचं नाही. वेशीवरून. खालच्या अंगाने यायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी ऑर्डर दोनदा वाचली.
हायवेवर मोरीपाशी गाड्या लावायच्या, दादाच्या शेताच्या बांधावरून चालत थेट माझ्या परसात. दहा मिनिटं. याला आउट ऑफ बॉक्स थिंकिंग म्हणतात. डोंबिवलीच्या जुन्या पाहुण्यांना फोन केला.

२१ जून, रविवार
पहिली बॅच! चौघं. ट्रायल शंभर टक्के सक्सेस.
पाहुण्यांना शिकवून ठेवलं होतं, कोणी हटकलं तर सांगा, कृषी खात्यातून आलोय. दादा नेमका बांधावर प्लास्टिकची खोळ पांघरून बसलेला. भाताच्या रोपांचं आवण कोवळं आहे, गुरं पडतील म्हणून राखण करत असणार. पाहुणे म्हणाले, काकांनी काहीच विचारलं नाही, फक्त साबण दिला आणि पऱ्याच्या वाहत्या पाण्यात हात धुवायला लावले. कृषी खात्याचा वचक बघा!
देवकी दिवसभर घाबरलेली. म्हणाली, दादांना कळलं तर? मी म्हटलं, दादा भोळा आहे गो, त्याला भाताच्या पलीकडचं काय कळतंय.

२७ जून
समितीची मीटिंग, शाळेच्या पडवीत. लांब लांब बसून. कोणीतरी म्हणालं, मोरीपाशी गाड्या दिसल्या. मी पडवीचे वासे मोजू लागलो. तेवढ्यात दादा उठला आणि म्हणाला, खालच्या अंगाला मी बघतो, रविवारी मीच बसनार, तिकडं दुसऱ्या कुनी यायाचं नाय.
मला हसू आवरेना. ज्या बाजूला माझा रस्ता, त्याच बाजूला माझा भोळा भाऊ! नशीब लागतं याला.

५ जुलै, रविवार
चौदा पाहुणे. रेकॉर्ड. मात्र एक कंप्लेंट आली, बांधावरचा म्हातारा फार कटकट करतो. मास्क नाही म्हणून दोघांना परत पाठवलं म्हणे. मला राग आला. दादा त्रेपन्नचा आहे, म्हातारा काय म्हणता?
त्यांच्यात एक जण खोकत होता. एसीचा खोकला आहे, असं त्याने स्वतः सांगितलं. चिखलात घसरून पडला, तेव्हा दादाने हात देऊन उठवला आणि खांद्याला धरून माझ्या कुंपणापर्यंत सोडला. पाहुणा म्हणाला, काका डिपार्टमेंटपेक्षा चांगले आहेत. कुठल्या डिपार्टमेंटपेक्षा, ते विचारायचं राहिलं.

९ जुलै
दादाला ताप. लावणीत भिजला. दर वर्षी भिजतो. काढा पाठवला.
संकल्प नंबर तीन : सगळं बंद करायचं. म्हणजे या रविवारचं ठाण्याचं बुकिंग कन्फर्म आहे, तेवढं झालं की. माणसाने शब्द पाळला पाहिजे. १९ तारखेपासून नक्की बंद.

१२ जुलै, रविवार, संध्याकाळ
ठाण्याचे सहा जण येऊन गेले. बांधावर कोणी नव्हतं, त्यामुळे काहीच कटकट नाही. एकदम सुरळीत.
दादाला दम लागतोय. आशाताई शीतल आली होती, बोटाला लावायचं यंत्र घेऊन. शहाऐंशी आलं. मी म्हटलं, चांगलेच आहेत की, मला दहावीला एक्कावन्न होते. शीतलने यंत्र पिशवीत टाकलं. मग बाहेर जाऊन फोन लावू लागली.

१३ जुलै
अँब्युलन्स आली आणि वेशीवर अडकली. बांबू दादाने स्वतः बांधलेला, गाठ कोणाला सुटेना. तो स्ट्रेचरवरून बोटाने दाखवत होता, ही नाय, ती खालची सोड.
मी जवळ जायला लागलो तर हाताने लांब केलं. म्हणाला, पंढ्या, घरात ऱ्हा, आणि कुनाशी काय बोलू नको. बोलताना थुंकी उडते, म्हणून सांगितलं असणार. आजारी असून केवढं नियमाचं भान!
चार दिवसांत घरी येईल. गडी दणकट आहे.

१६ जुलै
नर्सबाईंनी व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसत होते. विचारलं, लावणी झाली का? मी म्हटलं, झाली, कोपऱ्यापर्यंत हिरवंगार दिसतंय. झालेली नाही. उद्या पहाटेच उरलेली सुरू करतो, म्हणजे खोटं ठरणार नाही.
पाहुण्यांचे सगळे फोन नंबर उडवले. तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला. खोकणाऱ्याचा नंबर आधी लावून बघितला होता. बंद आहे.

१९ जुलै, रविवार
तीन दिवस दादाच्या शेतात. एकच खाचर झालं. वाकता येत नाही आता, सवय गेली. देवकी आणि काशीवहिनी माझ्या दुप्पट लावतात. वहिनी एक शब्द बोलत नाही. नवऱ्याची काळजी, दुसरं काय.
फोनवर सांगितलं, मशीनवर ठेवलंय. मशीन म्हणजे आराम. फुप्फुसाला विश्रांती मिळते, मी वाचलंय.

२१ जुलै
दादा गेला.

२२ जुलै
आम्हाला बघू दिलं नाही. हॉस्पिटलच्याच माणसांनी सगळं उरकलं. लांबून एक निळं काहीतरी गाडीतून उतरवताना दिसलं. तोच असेल असं धरून मी हात जोडले.
मला पहिल्यांदा चप्पल घेतली होती ती त्याने. स्वतः अनवाणी होता. दादा रे.

२५ जुलै
गावात चर्चा, बारकूला झाला कुठून? तो तर कुठेच गेला नव्हता. मी शांतपणे विचार केला. भाजीचा टेम्पो तीन तारखेला आला होता. नऊला ताप. सहा दिवस. बरोबर बसतं. टेम्पोच.
खालच्या अंगाला तो लांब बसायचा, मोकळ्या हवेत. मोकळ्या हवेत होत नाही, असं टीव्हीवर सांगतात.
टेम्पोच. मी दोनदा मोजलं.

३० जुलै, गुरुवार
दशक्रिया. नदीवर पाचच माणसांना परवानगी : भटजी, काशीवहिनी, पुतणी अक्षदा, देवकी आणि मी. दादाला मुलगा नाही, म्हणून डोकं मी भादरलं.
पिंड मांडला. कावळा उंबरावर बसलेला, पण खाली येईना. भटजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिलीय, शब्द द्या.
मी हात जोडून म्हटलं, दादा, उरलेली लावणी मी पुरी करीन. आला नाही. अक्षदाला नर्सिंगला घालीन. आला नाही. वहिनीला अंतर देणार नाही. फार्म स्टेला तुझं नाव देतो. कावळ्याने मान फिरवली. अर्धा तास गेला. पाऊस भुरभुरायला लागला, पिंड भिजायला लागला. मला सुचेल ते सगळं मी कबूल केलं. एकच गोष्ट सोडून.
मग वहिनी पुढे झाली. डोक्यावरून पदर घेतलेला, आवाज अगदी हळू. म्हणाली, अवो, पयल्या रविवारपासून तुमी बांधावर कशापायी बसायचात, ते मी गावात कुनाला सांगनार नाय. भावोजींचं नाव माझ्या तोंडातून कवा निघायचं नाय. पोरीची आन. जावा आता.
कावळा खाली आला आणि शिवला.
भटजी म्हणाले, चला, सुटला. सगळ्यांनी आंघोळी केल्या. देवकीने दोनदा हाक मारली, पण मला पाण्यातून बाहेर येता येईना. दादाचं एवढंच राहिलं होतं.