दादाची चाल

प्रिय दादा,

आज तुला सत्तर पूर्ण झाली. फाटकाबाहेर सकाळपासून तुझ्या चाहत्यांची गर्दी होती आणि तू अंथरुणाला खिळलेला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जन्मभर यांच्या जागी उड्या मारल्यात, आज नुसतं गच्चीवर चालून या." तुझा कोट घातला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. खाली एकच कल्ला झाला. "तीच चाल!" म्हणत म्हातारे बाप्येसुद्धा लंगडत नाचले.

तुझ्या तिसऱ्या चित्रपटात मी तुझ्याऐवजी पुलावरून उडी मारली आणि माझा डावा पाय कायमचा अधू झाला. लंगडा डुप्लिकेट कोण ठेवणार? पुढच्या चित्रपटाच्या पहिल्याच दिवशी तू सेटवर लंगडत आलास. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. तू म्हणालास, "हा नायक असाच चालतो." त्यानंतरचे तुझे सगळेच नायक तसे चालले. लोकांना ती अदा वाटली. माझं काम टिकलं.

तू मला कधी कारण सांगितलं नाहीस. मीही, "दादा, नखरे पुरे," म्हणून चिडवत राहिलो. मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

खाली आलो तेव्हा तू जागा होतास. "जमली का रे चाल?"

सगळं ओठांवर आलं होतं. म्हणालो, "जमली. पण तुझ्यासारखी नाही."

तू खुदकन हसलास. "अरे, सराव लागतो."

आता हे पत्र तुला कसं देऊ?

तुझाच,
धाकटा